नकाशावरील रेषा आणि पाण्याचें बळ

(ध्वनिक्षेपित भाषण)



श्रावणांत बोरघाटांतून आगगाडीनें जातांना दोहों बाजूंच्या कड्यांवरून उड्या घेणारे ओढे आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिले असतील. मुलें खिडकीशीं झोंबतात, वडील मंडळी क्षणभर बोलणें थांबवितात, आणि इतक्यांत गाडी बोगद्यांत शिरते. त्या पाण्याची शोभा सर्वांना दिसते. परंतु त्या पाण्यांत बळ किती आहे, हा प्रश्न मनांत येणारा प्रवासी विरळा. ज्यांना तो पडला त्यांनीं पुढें काय केलें, आणि उत्तर शोधण्याच्या कामीं नकाशा त्यांच्या कसा उपयोगी पडला, याचा थोडा इतिहास आज सांगण्याचें मीं योजिलें आहे. या इतिहासांत कौतुक करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि विचार करावयास लावणारेंहि तितकेंच आहे.

प्रथम गणित. तें सातव्या इयत्तेंतील मुलालाहि समजेल इतकें सोपें आहे. एक घनफूट पाण्याचें वजन सुमारें ६२.४ पौंड भरतें. एका सेकंदांत ५५० पौंड वजन एक फूट उचलणारी शक्ति ती एक अश्वशक्ति. तेव्हां सेकंदाला एक घनफूट पाणी ८.८ फूट खालीं पडलें म्हणजे त्यांत एक अश्वशक्ति असते. यंत्रांत पांचवा हिस्सा वायां जातो असें धरून ८.८ च्या जागीं ११ फूट धरावे, असा जुन्या इंजिनियरांचा आडाखा होता. आजच्या मापांत बोलावयाचें तर सेकंदाला एक घनमीटर पाणी १०० मीटर पडलें कीं ९८१ किलोवॉट शक्ति होते, आणि वायां जाणारा भाग सोडून सुमारें ७८५ किलोवॉट हातीं लागते.

सारांश, दोनच गोष्टी कळल्या पाहिजेत : पाणी किती, आणि तें किती उंचीवरून पडतें. पाणी थोडें असलें तरी उंची मोठी असल्यास काम भागतें. कालव्याच्या ११ फुटांच्या उतारावर ज्या पाण्यांतून एक अश्वशक्ति निघते, तेंच पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून १,७०० फूट खालीं सोडलें तर त्यांतून दीडशेंहून अधिक अश्वशक्ति निघतात. सह्याद्रीचें मोल एवढ्या हिशेबांत आलें.

आतां ही उंची मोजावयाची कशी? दर ओढ्याच्या कांठीं मोजणीदार पाठविणें हा एक मार्ग. पण ओढे हजारों, आणि मोजणीदार मूठभर. येथें नकाशा मदतीस आला. गंमत अशी कीं, तो नकाशा या कामासाठीं काढलेलाच नव्हता. विल्यम लॅम्बटन यानें १० एप्रिल १८०२ रोजीं मद्रासजवळ साखळी टाकून पहिली आधाररेषा मोजण्यास आरंभ केला, आणि त्यांतूनच पुढें ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हे हें प्रचंड काम उभें राहिलें. पृथ्वीचा आकार नक्की करणें, सैन्याच्या वाटा ठरविणें, राज्यकारभाराची सोय करणें, हे त्याचे हेतु. विजेचा विचार कोणाच्याहि मनांत नव्हता. पुढें कराची, मुंबई, कारवार, मद्रास वगैरे नऊ बंदरांतील समुद्राची सरासरी पातळी हें शून्य धरून देशांतील उंच्या एका मापांत बसविण्यांत आल्या. त्या उंच्यांच्या आधारानें एका मैलास एक इंच या प्रमाणाचे जे पत्रे छापले गेले, त्यांवर दर पन्नास फुटांस एक, अशा तपकिरी समोच्च रेषा काढलेल्या असत.

समोच्च रेषा म्हणजे काय, हें वर्गांत समजावून सांगतांना परातीसारखें दुसरें साधन नाहीं. परातींत एक ओबडधोबड दगड ठेवावा. बोटभर पाणी ओतावें आणि पाणी जेथें दगडाला टेकतें तेथें खडूनें रेघ ओढावी. आणखी बोटभर ओतावें, पुन्हां रेघ ओढावी. दगड बुडेपर्यंत असें केल्यावर पाणी काढून वरून पाहिलें म्हणजे दगडावर ज्या रेघा दिसतात, त्या त्याच्या समोच्च रेषा. रेघा दाट आहेत तेथें चढ उभा. विरळ आहेत तेथें सपाटी. ज्याला ही लिपि वाचतां येते त्याला घरांत बसून डोंगर दिसतो. ओढ्याची निळी रेषा जेथें तपकिरी रेषांच्या दाटींतून जाते तेथें पाणी वेगानें खालीं उतरतें, हें तो सांगूं शकतो. आणि रेषा मोजून किती फूट उतरतें तेंहि सांगूं शकतो. श्रोत्यांनीं परातींतील ही रेघ ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

उंची मिळाली. पाण्याचें काय? त्याचेंहि अर्धें उत्तर नकाशांतच आहे. कोणत्याहि ओढ्याच्या भोंवतींचे डोंगरमाथे रेषेनें जोडले म्हणजे त्या रेषेच्या आंत पडणारा पाऊस त्या ओढ्याकडे येतो. हें त्याचें पाणलोट क्षेत्र. तें चौकटीच्या कागदावर उतरवून घरें मोजलीं कीं क्षेत्रफळ समजतें. त्याला पावसाच्या इंचांनीं गुणलें कीं पडलेलें पाणी समजतें. मात्र पडलेलें सर्वच पाणी वाहत नाहीं. कांहीं जमीन पिते, कांहीं सूर्य पितो. वाहतें किती, हें शोधण्याचे आरंभींचे प्रयत्न आपल्याच भागांत झाले, याचा आपणांस अभिमान वाटावा. अलेक्झांडर बिनी या इंजिनियरानें १८६९ ते १८७२ या काळांत नागपुराजवळच्या सुमारें १६ चौरस किलोमीटरांच्या पाणलोटावर मोजमापें घेऊन पावसाचा कितवा हिस्सा वाहतो याचें कोष्टक बसविलें. पुढें १९२९ सालीं इंग्लिस व डिसूझा यांनीं मुंबई इलाख्यांतील ५३ ठिकाणच्या मोजणीवरून दोन सूत्रें दिलीं. एक घाटमाथ्यासाठीं आणि एक देशावरील पठारासाठीं. घाटासाठीं असें कीं, पावसाच्या इंचांच्या शेंकडा ८५ घ्यावे व त्यांतून १२ इंच वजा करावे. १८० इंच पाऊस पडला तर १४१ इंच वाहून जातो. पठाराचें सूत्र लावून पाहिलें तर २५ इंच पावसांतून केवळ साडेचार इंच वाहतो! या दोन जागांत अंतर तें किती? उण्यापुऱ्या एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेचें. पण पाण्याच्या दृष्टीनें ते दोन निराळे देश आहेत.

आतां प्रत्यक्ष इतिहासाकडे वळूं. आपल्या देशांत पाण्यापासून वीज प्रथम निघाली ती १८९७ सालीं दार्जिलिंगजवळ, आणि मोठ्या प्रमाणावर निघाली ती १९०२ सालीं म्हैसूर संस्थानांत कावेरीच्या शिवसमुद्रम् येथें. शिवसमुद्रम् येथील धबधबा डोळ्यांना दिसणारा होता. तेथें शक्ति आहे हें सांगावयास नकाशाची गरज नव्हती. लोणावळ्याची गोष्ट वेगळी. तेथें आषाढांत शंभर धबधबे असतात आणि फाल्गुनांत एकहि नसतो. तेथील मोठा धबधबा माणसानें स्वतः निर्माण करावयाचा होता. तो आधीं दिसला तो कागदावर.

मुंबईचे वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनीं घाटमाथ्यावरील पावसाचें पाणी अडवून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवाव्या, ही कल्पना पुढें मांडली आणि जमशेटजी टाटा यांनीं ती उचलून धरली. नकाशा पाहिल्यावर तिच्यांतील मर्म लक्षांत येतें. लोणावळ्याचा माथा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवर. तेथें पडणारें बहुतेक पाणी इंद्रायणीवाटे पूर्वेस वळतें. भीमा, कृष्णा असा शेंकडों मैलांचा प्रवास करून तें बंगालच्या उपसागरास मिळतें. त्या साऱ्या वाटेवर उतार मंद, म्हणून शक्ति विखुरलेली. पण हेंच पाणी थोडें पश्चिमेस वळवून कड्यावरून खालीं सोडलें, तर अवघ्या कांहीं मैलांत सतराशें फुटांचा उतार मिळतो. माथ्यावर पसरट खोरीं, तीं अडविण्यास सोयीच्या खिंडी, भरपूर पाऊस, जवळच कडा आणि कड्याखालीं पन्नास मैलांच्या आंत मुंबईसारखें गिऱ्हाईक. या पांच गोष्टी एकाच पत्र्यावर एकत्र येणें हा निसर्गाचा दुर्मिळ योग होता.

जमशेटजी १९०४ सालीं वारले. त्यांना हें काम पाहावयास मिळालें नाहीं. १९१० सालीं कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें कोनशिला बसली आणि १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईस वीज गेली. लोणावळा, वळवण व शिरवतें हे तीन तलाव चार महिन्यांचा पाऊस सांठवून बारा महिने पुरवूं लागले. पुढें १९२२ मध्यें भिवपुरी व १९२७ मध्यें भिरा येथील वीजघरें सुरू झालीं. गिरण्यांच्या धुराड्यांवरचा कोळशाचा भार हलका झाला आणि विजेवर चालणाऱ्या आगगाड्या घाट चढूं लागल्या.

या यशामुळें सरकारचेंहि लक्ष वेधलें. १९१८ सालीं औद्योगिक कमिशननें देशांतील जलशक्तीची पाहणी करावी अशी शिफारस केली आणि बार्लो व मीअर्स या दोघां इंजिनियरांकडे तें काम सोंपविण्यांत आलें. त्यांचा प्राथमिक अहवाल १९१९ मध्यें निघाला. एका प्रदेशाचे नकाशे, पाऊस आणि नद्यांची मोजमापें एकत्र मांडून देशाच्या जलशक्तीची यादी करण्याचा असा प्रयत्न पूर्वीं झाला नव्हता.

येथपर्यंत कौतुकाचा भाग झाला. आतां परातींतील ती रेघ आठवावी.

भिऱ्याच्या वीजघराला पाणी पुरविण्यासाठीं मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशीं मुळशी येथें धरण बांधावयाचें ठरलें. नकाशावर हें काम एका रेषेचें होतें. धरणाची उंची ठरली कीं त्या उंचीची समोच्च रेषा बोटानें गिरवावी. ती जेथें फिरते तेथें तलावाचा कांठ. तिच्या आंत किती पाणी मावेल हें मिनिटांत सांगतां येतें. परंतु त्या रेषेच्या आंत पन्नासांवर गांवें येत होतीं. नकाशांत गांव म्हणजे तांबड्या शाईचे चार ठिपके, आणि शेत म्हणजे पिवळा रंग. त्या पिवळ्या रंगांत आंबेमोहोर भात पिकत होता, त्या ठिपक्यांत माणसें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतीं, आणि त्यांना कोणी विचारलें नव्हतें. १८९४ च्या जमीन संपादनाच्या कायद्यानें त्यांच्या जमिनी कंपनीसाठीं घेण्यांत आल्या. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे पुढारी. बापटांना या लढ्यांतूनच लोकांनीं सेनापति ही पदवी दिली, आणि याच लढ्यापायीं त्यांना १९३१ पर्यंत कारावास भोगावा लागला. तीन वर्षांवर चाललेला हा लढा अखेर हरला. पाणी रेषेपर्यंत चढलें.

मी मुळशीचा तलाव पाहतों तेव्हां मला वाटतें कीं, हा कांठ म्हणजे जमिनीवर काढलेली समोच्च रेषाच आहे. ती काढणाऱ्यानें हिशेबांत तसूभर चूक केली नव्हती. उंची बरोबर, पाऊस बरोबर, अश्वशक्तीहि बरोबर. चूक होती ती एवढीच कीं, जें नकाशावर मोजतां येत नाहीं तें अस्तित्वांतच नाहीं असें धरण्यांत आलें. मुंबईचे दिवे लागले हेंहि खरें, आणि मुळशीच्या चुली विझल्या हेंहि खरें. यांतील एक सत्य सांगून दुसरें झांकणें हा इतिहास नव्हे. प्रकल्पामुळें उठविल्या जाणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रांत झाला तो १९७६ सालीं, आणि साऱ्या देशासाठीं जमीन संपादन व पुनर्वसन यांचा नवा कायदा झाला तो २०१३ सालीं. मुळशीचा प्रश्न कायद्यांत शिरावयास इतकीं वर्षें लागलीं.

स्वातंत्र्यानंतर कोयनेचें काम निघालें. कोयना महाबळेश्वरीं उगम पावून घाटमाथ्याला समांतर अशी दक्षिणेस वाहते आणि हेळवाकपाशीं पूर्वेस वळते. त्या वळणापासून घाटाचा कडा अगदीं जवळ. खालीं वाशिष्ठीचें खोरें. लोणावळ्याचीच युक्ति येथें मोठ्या प्रमाणावर योजली गेली. १९६२ सालीं तेथें वीज सुरू झाली, आणि १९९९ मध्यें जलाशयाच्या पाण्याखालून बोगद्याचें तोंड फोडून चौथा टप्पा जोडण्यांत आला. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरास भूकंप झाला व दीडशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. शास्त्रज्ञ त्या भूकंपाचा संबंध जलाशयाशीं जोडतात. समोच्च रेषा डोंगराच्या अंगाची ओळख करून देते. त्याच्या पोटांत काय आहे याविषयीं ती मुकीच असते.

दरम्यान देशाची यादी वाढत गेली. १९५३ ते १९५९ या काळांतील पाहणीनें देशाची जलशक्ति, यंत्रें शेंकडा ६० भारानें चालतात असें धरून, सुमारें ४२,१०० मेगावॉट ठरविली. १९७८ ते १९८७ च्या फेरपाहणींत तीच ८४,०४४ मेगावॉट झाली. नद्या तर त्याच होत्या! वाढलें तें पाणी नव्हे. वाढलें तें आपलें पाहणें. अधिक चांगले नकाशे, अधिक वर्षांची मोजणी आणि अधिक उंच धरणें बांधण्याचें ज्ञान, यांमुळें जो ओढा आधीं यादींत नव्हता तो यादींत आला.

आणि मग पाहण्याची जागाच बदलली. फेब्रुवारी २००० मध्यें एंडेव्हर या अमेरिकन अवकाशयानानें अकरा दिवस पृथ्वीप्रदक्षिणा घातल्या. यानांत एक व यानाबाहेर ६० मीटर लांब दांडीच्या टोंकाला दुसरा, असे दोन रडारचे कान लावून त्यानें पृथ्वीवरील शेंकडा ८० जमिनीच्या उंच्या टिपल्या. आपल्या इस्रो संस्थेनें ५ मे २००५ रोजीं कार्टोसॅट-१ हा उपग्रह सोडला. माणूस दोन डोळ्यांनीं खोली ओळखतो, तद्वत् त्याचे दोन कॅमेरे डोंगराची उंची ओळखत. १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं केंद्र सरकारनें नकाशांवरील निर्बंधहि पुष्कळ सैल केले. जें काम लॅम्बटनच्या परंपरेला शंभर वर्षें पुरलें, त्याचें फळ आज महाविद्यालयांतील मुलगा आपल्या संगणकावर उतरवून घेतो.

संगणक हें काम कसें करतो तें पाहण्यासारखें आहे. त्याच्या नकाशांत रेषा नसतात. बुद्धिबळाच्या पटासारखीं घरें असतात, प्रत्येक घर सामान्यतः तीस मीटरांचें, आणि दर घरांत एक उंची लिहिलेली. पटावरील राजाला जशीं भोंवतालचीं आठ घरें, तशीं प्रत्येक घराला. त्या आठांपैकीं ज्याकडे उतार सर्वांत अधिक तिकडे पाणी जाणार, हा एकच नियम. १९८४ सालीं ओकॅलगन व मार्क यांनीं तो मांडला. नियम लावीत गेलें म्हणजे कोणत्या घरांत किती घरांचें पाणी जमतें तें कळतें. जेथें पुष्कळ जमतें तेथें ओढा. मग ओढ्याच्या कांठानें पावलें टाकीत पांचशें मीटरांत वीस मीटर उतार कोठें मिळतो तें शोधावें, पावसाचीं सूत्रें लावावीं, आणि त्या जागीं किती किलोवॉट निघतील तें लिहावें. आपले जुने इंजिनियर हेंच करीत होते. त्यांना एका खोऱ्याला महिना लागे. संगणक एका जिल्ह्याला दुपार पुरवितो. याच सोईमुळें मोठ्या धरणांवरून लक्ष लहान ओढ्यांकडे वळलें. रुडकी येथील संस्थेनें देशांतील लहान वीजघरांच्या सात हजारांहून अधिक जागांची यादी केली असून त्यांची एकंदर शक्ति सुमारें २१,००० मेगावॉट आहे.

लहान वीजघराला बहुधा मोठा तलाव लागत नाहीं. म्हणून गांव उठत नाहीं. ओढ्याचें थोडें पाणी बाजूला घ्यावें, नळांतून खालीं सोडावें आणि पुन्हां ओढ्यांत घालावें. सेकंदाला शंभर लिटर पाणी व वीस मीटर उतार असला तर सुमारें १६ किलोवॉट मिळतात. डोंगरांतील एका वाडीच्या दिव्यांना व पिठाच्या गिरणीला ते पुरेत.

पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. अवकाशांतून घेतलेल्या त्या उंच्यांत सोळा मीटरांपर्यंत चूक चालेल, असें त्या योजनेनेंच गृहीत धरलें होतें. प्रत्यक्षांत ती पुष्कळ ठिकाणीं कमी निघाली. पण उभ्या कड्यांवर आणि दाट रानांत ती वाढते, कारण रडारला जमिनीऐवजीं झाडांचे शेंडे दिसतात. हजार फुटांच्या कड्यावर अशी चूक क्षम्य. वीस मीटरांच्या ओढ्यावर दहा मीटरांची चूक झाली तर अर्धी वीज कागदावरच राहील. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नकाशावरचा ओढा कधीं आटत नाहीं. सह्याद्रींतील बहुतेक ओढे माघांत आटतात. लोणावळ्यास तीन तलाव बांधावे लागले ते याचसाठीं. वर्षाची सरासरी काढून वीज सांगणें म्हणजे आषाढांतल्या जेवणावर वैशाखांतली भूक भागविण्यासारखें आहे. तिसरी गोष्ट ही कीं, ओढ्यावर कोणाचा हक्क आहे, खालच्या वाडीची भातखाचरें त्यावर भिजतात काय, देवराईंतून तो वाहतो काय, हें उपग्रह सांगत नाहीं. आजहि भीमेच्या खोऱ्यांतील लोक घाटाखालीं वळविलेल्या पाण्याची मागणी करीत आहेत आणि घाटाखालीं पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका यांच्या कांठचे लोक त्याच पाण्यावर जगत आहेत. एकदां वळविलेलें पाणी शंभर वर्षांनींहि प्रश्न विचारीत राहतें.

तेव्हां नकाशा टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. ज्या देशांत हजारों ओढे आहेत तेथें कोठें पाहावयाचें हें सांगणारा त्याच्यासारखा मित्र नाहीं. पण त्याला पंच करूं नये; त्याला वाटाड्या करावें. त्यानें बोट दाखविलेल्या ठिकाणीं माणसानें पायीं जावें. निदान वर्षभर ओढ्याचें पाणी मोजावें, आणि त्यांत चैत्र-वैशाख चुकवूं नयेत. कांठच्या म्हाताऱ्याला विचारावें कीं, बाबा, दुष्काळाच्या सालीं पाणी कोठवर होतें? मग त्या गांवच्या मंडळींपुढें नकाशा पसरून, ही रेघ कशाची आहे हें त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावें. मुळशीस एवढेंच राहिलें होतें.

आपल्या घरांतील मुलांच्या हातीं हे नकाशे आज सहज येतात. येत्या सुटींत त्यांना आपल्या गांवच्या ओढ्याचें पाणलोट शोधावयास सांगावें, आणि मग त्यांना घेऊन तो ओढा पाहावयास जावें. कागदावरची रेषा आणि जमिनीवरचें पाणी या दोहोंची भेट ज्यानें लहानपणीं घेतली, तो पुढें इंजिनियर झाला काय किंवा मतदार झाला काय, त्याच्या हातून रेषा ओढतांना तिच्या आंत कोण राहतें हें पाहिलें जाईल, अशी मला आशा वाटते.